गिटार विवर्धकातील घनावस्था प्रयुक्ती

विद्युत् गिटारीच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा दुर्बल विद्युत् संकेत ध्वनिक्षेपक चालविण्याइतका सबल करणाऱ्या साधनास गिटार विवर्धक म्हणतात. प्रारंभी हे काम निर्वात नलिकांच्या साहाय्याने केले जात असे. व्यवहारात या नलिका ‘व्हॉल्व्ह’ या नावाने परिचित आहेत. ट्रँझिस्टर, द्विप्रस्थ, संकलित मंडले इ. अर्धसंवाहक घटकांत इलेक्ट्रॉनांचे वहन निर्वातातून न होता घन पदार्थातून होते, म्हणून त्यांना घनावस्था प्रयुक्ती म्हणतात. रेडिओ ग्राही, दूरचित्रवाणी संच, संगणक व दूरध्वनी केंद्रे यांतून निर्वात नलिका १९५५ ते १९७५ या सुमारे वीस वर्षांत जवळजवळ हद्दपार झाल्या. गिटार विवर्धक हा मात्र या सार्वत्रिक स्थित्यंतराला ठळक अपवाद ठरला. नलिकांच्या जागी घनावस्था प्रयुक्ती आणण्याचे प्रयत्न त्यात साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहेत व अद्यापही नलिका पूर्णपणे नाहीशा झालेल्या नाहीत. या अपवादाची कारणे अंशतः भौतिकीय, अंशतः आर्थिक व अंशतः संगीतविषयक आहेत.

नलिकांचा काळ : ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन विद्युत् अग्रे असलेली नलिका तयार केली. तिच्यातून विकसित झालेल्या त्रिप्रस्थ नलिकेमुळे दुर्बल संकेताचे विवर्धन शक्य झाले. १९३१–३२ च्या सुमारास लॉस अँजेल्स येथे जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकनबॅकर यांनी विद्युत् चुंबकीय संवेदक बसविलेली गिटार बाजारात आणली. या संवेदकास पिकअप म्हणतात. वाद्यवृंदातील पितळी सुषिर वाद्यांच्या आवाजापुढे गिटारीचा नाजूक नाद लोपून जाई. तो मोठा करणे एवढाच विवर्धकाचा मूळ हेतू होता. त्या काळचे गिटार विवर्धक म्हणजे वस्तुतः रेडिओ संचाचा श्राव्य भागच होते.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर गिटारींबरोबर विवर्धकांचेही उत्पादन सुरू केले. त्यांच्या ‘बेसमन’ विवर्धकाचे १९५८–६० या काळातील रूप विशेष प्रभावी ठरले. तो खर्ज गिटारीसाठी योजलेला होता, परंतु साध्या गिटारीसाठीच त्याचा अधिक उपयोग झाला. लंडनच्या पश्चिम भागातील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल यांनी केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने १९६२–६३ मध्ये ‘बेसमन’च्या मंडलावरूनच आपला पहिला विवर्धक तयार केला. याच सुमारास इंग्लंडमधील डार्टफर्ड येथील जेनिंग्ज कंपनीत डिक डेनी यांनी ईएल ८४ जातीच्या चार शक्तिनलिका असलेला ‘व्हॉक्स एसी ३०’ हा विवर्धक सिद्ध केला. पुढे दीर्घकाळ मानदंड मानली गेलेली मंडले अशा रीतीने १९६५ पूर्वीच तयार झाली होती.

विकृतीचा स्वीकार : या मंडलांचे संकल्पक संकेताची विकृती टाळण्याचाच प्रयत्न करीत होते. वादकांनी मात्र विवर्धक त्याच्या कमाल क्षमतेपलीकडे चालविण्यास प्रारंभ केला. १९५१ मध्ये मेम्फिस येथे मुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गीतात विली किझार्ट यांचा विवर्धक प्रवासात बिघडलेला होता. त्याचा फाटलेला ध्वनिक्षेपक कागद कोंबून चालविण्यात आला व त्याचा घरघरीत आवाज मुद्रिकेवर तसाच ठेवण्यात आला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी मार्शल विवर्धक पूर्ण आवाजावर चालवून वाजविले. त्यातून मिळालेला दीर्घ टिकणारा, दाट व गायनाच्या जवळ जाणारा स्वर पुढील पिढीतील वादकांचा आदर्श बनला. विवर्धक हे केवळ उपकरण न राहता वाद्याचाच एक भाग बनले. रेडिओ संचात नलिका बदलताना मूळ संकेत शुद्ध राहतो की नाही एवढेच पाहावे लागत होते. गिटार विवर्धकाच्या बाबतीत नलिकेच्या दोषांचीही प्रतिकृती करणे आवश्यक झाले. ट्रँझिस्टरांकडे वळलेल्या पहिल्या अभियंत्यांना या आवश्यकतेची पुरेशी कल्पना नव्हती.

नलिकेचे वर्तन : तापविलेल्या ऋणाग्रातून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन निर्वातातून धन विद्युत् भारित पट्टिकेकडे जातात. मधल्या जालकावरील विद्युत् दाबात थोडा बदल केल्यास पट्टिकेच्या प्रवाहात मोठा बदल होतो. हा प्रवाह परिणामी दाबाच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो. त्यामुळे नलिकेचा प्रतिसाद अगदी सरळ रेषेसारखा नसतो, तर सौम्यपणे वक्र असतो. संकेत वाढत गेला की तरंगाचा माथा एकदम छाटला जात नाही, तो हळूहळू गोलावत व दाबला जात जातो. जालक ऋणाग्राच्या तुलनेने धन झाले की त्यात प्रवाह वाहू लागतो. जोडणीतील धारित्र त्यामुळे भारित होते व नलिकेचा कार्यबिंदूच क्षणभर सरकतो. म्हणजे नलिकेचा प्रतिसाद केवळ तत्क्षणीच्या संकेतावर नव्हे, तर नुकत्याच होऊन गेलेल्या संकेतावरही अवलंबून असतो.

प्रदान टप्प्याचा परिणामही महत्त्वाचा आहे. शक्तिनलिका सु. ३०० ते ५०० व्होल्ट दाबावर अल्प प्रवाहाने काम करतात, तर ध्वनिक्षेपकाला अल्प दाब व मोठा प्रवाह लागतो. त्यामुळे दोहोंमध्ये रोहित्र घालावे लागते. अशा विवर्धकाचा प्रदान संरोध बराच मोठा असतो. ८ ओहम म्हणून गणल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा संरोध अनुस्पंदनाच्या कंप्रतेला अनेक पटींनी वाढतो, तसेच उच्च कंप्रतांनाही तो वाढत जातो. नलिका विवर्धक या ठिकाणी अधिक दाब देतो व त्यामुळे खर्ज आणि तार या दोन्ही भागांना उठाव येतो. म्हणजेच ऐकू येणारा ध्वनी हा एकट्या नलिकेचा नसून नलिका, रोहित्र, शक्तिपुरवठा व ध्वनिक्षेपक या सर्वांच्या परस्परक्रियेचा परिणाम असतो.

एकदिशकारकातील बदल : नलिकेची जागा घेणारी पहिली घनावस्था प्रयुक्ती संकेताच्या मार्गात नव्हे, तर शक्तिपुरवठ्यात आली. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करण्यासाठी पूर्वी जीझेड ३४, ५ यू ४ यांसारख्या द्विप्रस्थ नलिका वापरीत. १९६० नंतर मोठ्या शक्तीच्या फेंडर विवर्धकांत व पुढे मार्शलच्या ५० व १०० वॉट शक्तीच्या विवर्धकांत सिलिकॉन द्विप्रस्थ वापरण्यात आले. हा बदल वादकांच्या फारसा लक्षात आला नाही, परंतु त्याचा परिणाम श्राव्य होता. सु. २२५ मिलिअँपिअर प्रवाह वाहत असताना जीझेड ३४ नलिकेत सु. १७ व्होल्टचा, तर ५ यू ४ नलिकेत चाळीस ते पन्नास व्होल्टचा दाबपात होतो. सिलिकॉन द्विप्रस्थात तो सु. एक व्होल्ट असतो. नलिका एकदिशकारक असलेल्या विवर्धकावर जोराने आघात केल्यास पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येतो व नाद ओसरू लागताच पुन्हा वर चढतो. स्वर आरंभी किंचित दबतो व मग फुलतो, असा अनुभव वादकास येतो. सिलिकॉन द्विप्रस्थामुळे दाब स्थिर राहतो आणि आघात अधिक ताठ व स्पष्ट उमटतो.

जुन्या विवर्धकातील एकदिशकारक नलिका काढून त्याच खोबणीत बसणारे सिलिकॉन पर्यायही पुढे बाजारात आले. अशा बदलात काही धोके आहेत. दाबपात नाहीसा झाल्याने पुरवठ्याचा दाब वाढतो व तो धारित्रांच्या आणि शक्तिनलिकांच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. तसेच नलिकांची ऋणाग्रे तापण्यापूर्वीच पूर्ण दाब त्यांच्यावर येतो. त्यामुळे काही पर्यायांत नलिकेच्या अंतर्गत रोधाएवढा रोधक व तापमानानुसार रोध बदलणारा घटक घालून दाबपात आणि सावकाश प्रारंभ या दोन्हींचे अनुकरण केलेले असते. अमेरिकेतील मेसा बूगी या कंपनीने १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी एकाच विवर्धकात नलिका व सिलिकॉन असे दोन्ही एकदिशकारक ठेवून त्यांतील निवड वादकावर सोपविली.

ट्रँझिस्टर विवर्धकांची पहिली पिढी : बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये ट्रँझिस्टराचे प्रात्यक्षिक केले. विल्यम शॉक्ली यांनी त्यानंतर संधी ट्रँझिस्टराची कल्पना मांडली. तिघांना १९५६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले [→ ट्रँझिस्टर तंत्रविद्या]. प्रारंभीचे जर्मेनियम ट्रँझिस्टर उष्णतेला फार संवेदनशील होते. तापमान वाढले की प्रवाह वाढे, प्रवाह वाढला की तापमान आणखी वाढे व अखेर घटक नष्ट होई. मोठ्या शक्तीचे सिलिकॉन ट्रँझिस्टर स्वस्त झाल्यावर, म्हणजे १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास, गिटार विवर्धकांत त्यांचा वापर व्यवहार्य झाला.

ट्रँझिस्टरांचे फायदे उघड होते. तापक तंतूची गरज नाही, प्रदान रोहित्र नाही, वजन कमी, काच फुटण्याची भीती नाही व वेळोवेळी नलिका बदलण्याचा खर्च नाही. त्या काळी ‘ट्रँझिस्टर’ हा शब्दच आधुनिकतेचा निदर्शक बनला होता. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरांना विकत घेतली व १९६६ मध्ये पूर्णपणे ट्रँझिस्टरयुक्त विवर्धकांची मालिका बाजारात आणली. व्हॉक्स या नावाने अमेरिकेत टॉमस ऑर्गन कंपनीनेही त्याच वर्षी ‘सुपर बीटल’ हा ट्रँझिस्टर विवर्धक विक्रीस ठेवला.

फेंडरची ही मालिका अपयशी ठरली. ध्वनिक्षेपकाच्या तारांचा क्षणभर जरी मंडलसंक्षेप झाला, तरी प्रदान ट्रँझिस्टर जळून जात. नलिका अशा प्रसंगी सहसा तग धरीत. उष्णतेच्या निःसारणाची व्यवस्था अपुरी होती. कारखान्याचे व्यवस्थापक फॉरेस्ट व्हाइट यांना हे विवर्धक कंपनीच्या लौकिकास साजेसे वाटत नव्हते. त्यांच्या उत्पादनास संमती न देता १९६६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. १९७१ च्या सुमारास ही मालिका बंद करण्यात आली, परंतु कंपनीचे नलिका विवर्धक त्या काळातही चालू राहिले व ते आजही विकले जातात. व्हाइट यांनी पुढे टॉम वॉकर व स्वतः लिओ फेंडर यांच्यासह ‘म्यूझिक मॅन’ ही कंपनी उभारली. तिच्या विवर्धकांत पूर्वविवर्धक ट्रँझिस्टरांचा व शक्तिविवर्धक नलिकांचा होता. ट्रँझिस्टरांना विरोध म्हणून नोकरी सोडणाऱ्या माणसाने अखेर त्यांचा मर्यादित स्वीकार केला, हे या इतिहासातील एक लक्षणीय वळण होय.

पहिल्या पिढीतील सर्वच प्रयत्न फसले असे मात्र नाही. कॅन्झस राज्यातील चनूट येथे बड रॉस यांनी स्थापिलेल्या ‘कस्टम’ कंपनीचे ट्रँझिस्टर विवर्धक टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध झाले. ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या वाद्यवृंदाच्या अनेक मुद्रणांत तेच वापरलेले आहेत.

मतभेदाची मीमांसा : वादकांच्या नापसंतीची कारणे शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न १९७० नंतर सुरू झाला. ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मे १९७३ मध्ये रसेल हॅम यांचा नलिका व ट्रँझिस्टर यांतील श्राव्य फरकाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रयोग गिटार विवर्धकांवर नव्हे, तर ध्वनिग्राहकांच्या पूर्वविवर्धकांवर केलेले होते. अतिभाराच्या स्थितीत त्रिप्रस्थ नलिका प्रामुख्याने दुसरा हरात्मक निर्माण करते, तर ट्रँझिस्टर तिसरा, असे त्यांना आढळले. दुसरा हरात्मक मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातील तोच स्वर असतो, म्हणून तो कानास सुखद वाटतो.

या निबंधावरून ‘नलिका सम हरात्मक देतात, ट्रँझिस्टर विषम देतात’ असे सूत्र रूढ झाले, पण ते अर्धसत्य आहे. बहुतेक मोठ्या गिटार विवर्धकांत शक्तिनलिका जोडीने व परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात. या रचनेत सम हरात्मक बव्हंशी एकमेकांना छेद देतात व विषमच उरतात. त्यामुळे फरकाचे मूळ हरात्मकांच्या सम-विषमतेत जितके आहे, त्यापेक्षा अधिक ते विकृती कोणत्या गतीने वाढत जाते यात आहे. ट्रँझिस्टर विवर्धकांत प्रदानाचा काही अंश उलट करून आदानाकडे परत नेण्याची, म्हणजे ऋण पुनःप्रदायाची, व्यवस्था भरपूर प्रमाणात केलेली असे. तिच्यामुळे मर्यादेपर्यंत संकेत जवळजवळ निर्दोष राहतो व मर्यादा ओलांडताच माथा धारदारपणे छाटला जातो. त्यातून उच्च क्रमाचे हरात्मक एकदम उद्भवतात व ते कर्कश वाटतात. वादक बोटांच्या जोराने शुद्ध स्वरापासून विकृत स्वरापर्यंत जो क्रमशः प्रवास करू पाहतो, त्याची मधली पायरीच नाहीशी होते.

याशिवाय दोन कारणे होती. प्रारंभीच्या ट्रँझिस्टर मंडलांचा आदान संरोध कमी असल्याने पिकअपवर भार पडून उच्च कंप्रता क्षीण होत. नलिका विवर्धकात तो सामान्यतः १ मेगॅओहम असतो. दुसरे म्हणजे ट्रँझिस्टर विवर्धकाचा प्रदान संरोध अत्यल्प असल्याने ध्वनिक्षेपकाच्या संरोधातील चढउतारांचा ध्वनीवर परिणाम होत नसे. ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी हा गुण आहे, गिटारीच्या बाबतीत तो उणीव ठरला.

खोबणीत बसणारे पर्याय : संपूर्ण मंडल न बदलता केवळ नलिका काढून तिच्या जागी तेवढीच घनावस्था प्रयुक्ती बसवावी, ही कल्पना मूळची गिटार विवर्धकांसाठी नव्हती. दूरध्वनी व मापन उपकरणांत हजारो नलिका कार्यरत होत्या व त्या वारंवार बदलाव्या लागत. कॅलिफोर्नियातील टेलिडाइन कंपनीने १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी ‘फेट्रॉन’ या नावाची प्रयुक्ती तयार केली. तिच्यात दोन क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर एकावर एक अशा क्रमाने जोडून धातूच्या डबीत बंद केलेले असत व डबीच्या तळाशी नलिकेसारख्याच पिना असत. क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर जालकासारखाच विद्युत् दाबाने नियंत्रित होतो आणि त्याचा आदान संरोध फार मोठा असतो. त्यामुळे नलिकेशी त्याचे साम्य संधी ट्रँझिस्टरापेक्षा अधिक आहे.

रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगी विवर्धकात पहिल्या टप्प्याला फेट्रॉन वापरण्याची सोय १९७० नंतरच्या दशकात करण्यात आली. त्यामागे एक व्यावहारिक कारण होते. या विवर्धकांत संकेताचे विवर्धन अनेक टप्प्यांत होऊन तो अत्यंत प्रबळ होतो. ध्वनिक्षेपक व नलिका एकाच लाकडी पेटीत असल्याने पेटीच्या कंपनांनी नलिकेच्या आतील भाग हलतात आणि ती ध्वनिग्राहकाप्रमाणे वागून शीळ घालू लागते. फेट्रॉनमध्ये हलणारे काही नसल्याने हा दोष उद्भवत नसे. तथापि अनेक वादकांनी नलिकेच्या ध्वनीलाच पसंती दिली. फेट्रॉनचे उत्पादन पुढे थांबले.

या मार्गातील तांत्रिक अडचणी बोधप्रद आहेत. पूर्वविवर्धकात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ईसीसी ८३ (अमेरिकन नाव १२ एएक्स ७) या जुळ्या त्रिप्रस्थ नलिकेचा विवर्धनांक १०० असून तिच्या पट्टिकेवर २५० ते ३०० व्होल्ट दाब असू शकतो. सामान्य क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर काही दशक व्होल्टच सहन करतो, म्हणून त्याच्यावर उच्च दाब पेलणारा दुसरा घटक ठेवावा लागतो. नलिकेचा तापक तंतू सु. १.९ वॉट शक्ती खातो, ती मात्र वाचते. एकविसाव्या शतकात रशियातील एएमटी व अन्य काही उत्पादकांनी असे पर्याय नव्याने बाजारात आणले. त्यांत नलिकेच्या वक्र प्रतिसादाचे अनुकरण करण्याचा प्रयत्न आहे.

शक्तिनलिकेचा पर्याय याहून कठीण आहे. ईएल ३४ नलिका पट्टिकेवर सु. २५ वॉट उष्णता निःसारित करते व तिची काच २०० से.हून अधिक तापली तरी बिघाड होत नाही. सिलिकॉन संधीचे तापमान मात्र साधारणतः १५० ते १७५ से.च्या आत ठेवावे लागते. तेवढीच उष्णता तेवढ्याच जागेतून घालविण्यासाठी धातूचे मोठे निःसारक लागतात व त्यांना जुन्या पेटीत जागा नसते. यामुळे शक्तिनलिकांची थेट प्रतिस्थापना फारशी प्रचारात आली नाही.

स्वतंत्र ध्वनीचा शोध : नलिकेचे अनुकरण सोडून ट्रँझिस्टराचे स्वतःचे गुण जेथे उपयोगी पडतात, तेथे घनावस्था विवर्धक पूर्णपणे यशस्वी झाले. जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ मध्ये आणलेला ‘जेसी १२०’ हा विवर्धक याचे उत्तम उदाहरण होय. त्यात प्रत्येकी ६० वॉट शक्तीचे दोन विवर्धक व दोन ध्वनिक्षेपक आहेत. एका ध्वनिक्षेपकातील संकेताला अल्प व सतत बदलता विलंब देण्यात येतो आणि दोन्ही ध्वनी हवेत मिसळून समूहवादनाचा आभास निर्माण होतो. या परिणामाला स्वच्छ व अविकृत विवर्धनच लागते. जॅझ वादकांनीही ट्रँझिस्टर विवर्धक स्वीकारले. जो पास हे पॉलिटोन कंपनीचे विवर्धक वापरीत. ब्लूज संगीतातील विख्यात वादक बी. बी. किंग यांनी ‘लॅब सिरीज एल ५’ हा ट्रँझिस्टर विवर्धक पसंत केला होता.

खर्ज गिटारीच्या क्षेत्रात तर हा बदल जवळजवळ निर्णायक ठरला. मंद्र स्वरांना मोठी शक्ती व अविकृत प्रदान लागते आणि त्यासाठी नलिका विवर्धक फार जड व महाग होतो. जॅको पास्टोरियस यांनी वापरलेला ‘अकूस्टिक ३६०’ हा ट्रँझिस्टर विवर्धकच होता.

अनुकरणाचे प्रयत्न : विकृत स्वर ट्रँझिस्टरांना वर्ज्य होता असेही नाही. नॅशव्हिल येथे एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिश्रण-मंचातील रोहित्र बिघडून खर्ज गिटारीचा आवाज फाटला. ते गीत १९६१ मध्ये लोकप्रिय झाल्यावर ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो आवाज ट्रँझिस्टरांच्या मंडलाने मुद्दाम निर्माण केला. त्यावरून १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ ही पायाने चालविण्याची पेटी विक्रीस आली. तिचा हेतू नलिकेची नक्कल करणे हा नव्हता. तो हेतू १९७० नंतरच्या पेट्यांत दिसतो. जपानच्या बॉस कंपनीच्या १९७७ मधील ‘ओडी १’ या पेटीत क्रियात्मक विवर्धकाच्या पुनःप्रदाय मार्गात एका दिशेने दोन व दुसऱ्या दिशेने एक असे द्विप्रस्थ जोडले होते. त्यामुळे तरंगाच्या दोन बाजू असमान रीतीने व सौम्यपणे छाटल्या जात आणि सम हरात्मकही मिळत.

अमेरिकेतील टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये कमरेला अडकविता येईल एवढा ‘रॉकमन’ विवर्धक आणला. अँड्रू बार्टा यांनी १९८९ मध्ये ‘सॅन्सअँप’ ही प्रयुक्ती तयार केली. तिच्यात पूर्वविवर्धक, शक्तिविवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या साखळीचे एकत्रित अनुकरण होते. मिसिसिपी राज्यातील मेरिडियन येथील पीव्ही कंपनीने १९९० नंतरच्या दशकात नलिकेची मर्यादासापेक्ष संकोचनाची क्रिया अर्धसंवाहकांनी साधणारी मंडले प्रचारात आणली. त्यांचे संकल्पक जॅक सॉन्डरमायर पूर्वी आरसीए कंपनीत ट्रँझिस्टर विवर्धकांवर काम करीत होते. मार्शल कंपनीच्या १९९१ मधील मालिकेत पूर्वविवर्धकात एक नलिका व पुढे ट्रँझिस्टरांचा शक्तिविवर्धक अशी संमिश्र रचना होती. ध्वनिक्षेपकाच्या परतीच्या मार्गात लहान रोधक घालून प्रवाहाधारित पुनःप्रदाय दिला की ट्रँझिस्टर विवर्धकाचा प्रदान संरोध कृत्रिम रीत्या वाढतो, ही युक्तीही या काळात रूढ झाली. नलिकेऐवजी नलिकेभोवतीच्या संपूर्ण व्यवस्थेचे अनुकरण करावयाचे आहे, हे आता सर्वमान्य झाले होते.

अंकीय प्रतिरूपण : यापुढील टप्पा म्हणजे विवर्धकाच्या वर्तनाचे गणिती प्रतिरूप संगणकीय प्रक्रियकावर चालविणे. अमेरिकेतील लाइन ६ कंपनीने १९९६ मध्ये असा विवर्धक व १९९८ मध्ये ‘पॉड’ हे छोटे उपकरण बाजारात आणले. जर्मनीतील क्रिस्टोफ केम्पर यांच्या २०११ मध्ये जाहीर झालेल्या उपकरणाने प्रत्यक्ष विवर्धकास चाचणी संकेत देऊन त्याची ध्वनिछबी साठविण्याची पद्धती रूढ केली. नंतरच्या उपकरणांत कृत्रिम तंत्रिका जालकांचाही उपयोग होऊ लागला. फेंडर कंपनीने २०१९ मध्ये आपल्याच दोन जुन्या नलिका विवर्धकांची अंकीय रूपे काढली. त्यांपैकी एकात मूळच्या २२ वॉट नलिका विवर्धकाचा परिणाम साधण्यासाठी १०० वॉट शक्तीचा ट्रँझिस्टर विवर्धक वापरला आहे. दुसऱ्याचे वजन सु. १५ किग्रॅ. असून मूळ नलिका विवर्धकाचे सु. २९ किग्रॅ. आहे. नलिकेचा एक वॉट ट्रँझिस्टराच्या एका वॉटपेक्षा मोठा वाटतो, या वादकांच्या जुन्या तक्रारीत तथ्य होते, हे यावरून दिसते. नलिका विवर्धक आपल्या नामांकित शक्तीपलीकडे गेल्यावरही उपयुक्त ध्वनी देत राहतो, हे त्याचे कारण होय.

नलिकांचा पुरवठा : या प्रयत्नांना केवळ तांत्रिक कुतूहलापेक्षा निकडीचे कारण आहे. आरसीए कंपनीने १९७६ मध्ये ग्राही नलिकांचे उत्पादन बंद केले व १९९० च्या सुमारास पश्चिम यूरोप आणि अमेरिका येथील बहुतेक कारखाने बंद पडलेले होते. त्यानंतर गिटार विवर्धकांच्या नलिका मुख्यतः रशियातील सरातॉव्ह, स्लोव्हाकियातील चाड्त्सा व चीन येथून येऊ लागल्या. लष्करी व रेडिओ उपयोगांसाठी उभारलेले हे उद्योग वादकांच्या मागणीवर तगून राहिले. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा सरातॉव्ह येथील नलिकांचा पुरवठा काही काळ थांबला. बाजारात टंचाई निर्माण होऊन किंमती वाढल्या. एका वाद्यप्रकाराचा मान्य ध्वनी जगातील दोन-तीन कारखान्यांवर अवलंबून आहे, ही गोष्ट त्यामुळे प्रकर्षाने पुढे आली. जपानच्या कॉर्ग व नोरिताके इट्रॉन या कंपन्यांनी २०१५ मध्ये सादर केलेली ‘न्यूट्यूब’ ही प्रयुक्ती या संदर्भात उल्लेखनीय आहे. निर्वात प्रस्फुरक दर्शकाच्या तंत्राने बनविलेली ती प्रत्यक्ष त्रिप्रस्थ नलिकाच आहे. मात्र ती अल्प दाबावर चालते व तिचा आकार लहान आहे.

सद्यःस्थितीत बहुसंख्य स्वस्त व मध्यम किंमतीचे गिटार विवर्धक घनावस्था किंवा अंकीय प्रकारचे असून नवशिक्यांचा पहिला विवर्धक सामान्यतः याच प्रकारचा असतो. व्यावसायिक वादक रंगमंचावर अंकीय उपकरणे मोठ्या प्रमाणावर वापरतात. मुद्रित ध्वनीवरून दोहोंतील फरक ओळखणे अनुभवी श्रोत्यासही अनेकदा कठीण जाते. फरक जाणवतो तो प्रामुख्याने वाजविणाऱ्याला, म्हणजे बोटांच्या आघाताला विवर्धक कसा प्रतिसाद देतो यात. पहिल्या पिढीच्या अभियंत्यांनी मोजमापांच्या कसोटीवर अधिक चांगली प्रयुक्ती तयार केली होती, परंतु जुनी प्रयुक्ती वादकासाठी नेमके काय करीत होती हे जाणून घेतले नव्हते. ते जाणून घेण्यास सुमारे अर्धशतक लागले. घनावस्था प्रयुक्तींनी नलिकेची जागा ज्या प्रमाणात घेतली आहे, ती या ज्ञानाच्याच प्रमाणात होय.